पायवाटेवरची बाई

सर्जेराव चौगुल्यांची वाचा गेली त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि त्यांच्या बायकोचा, हेमलताबाईंचा, राग डॉक्टरांवर नव्हता, देवावरही नव्हता. तो बैठकीच्या खोलीतल्या पश्चिमेकडच्या भिंतीवर होता. सकाळी खुर्चीत बसवलं की सर्जेराव त्या भिंतीकडे जे बघत बसायचे ते पार दिवेलागणीपर्यंत. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. तेही हेमलताबाईंनी एकदा रागानं काढून टाकलं, की आता बघू काय बघताय ते. तरी ते बघतच राहिले.

झटक्यानं त्यांचा उजवा हात नेला आणि शब्द नेले. बाकी सगळं त्यांना कळतं, असं डॉक्टर म्हणायचे. पण कळणारा माणूस जागेवर असावा लागतो. घास तोंडाशी नेला तर सर्जेरावांचं तोंड आधी उघडायचं, पुढं पुढं तेही उघडेना. अंगावरचा सदरा महिन्या-महिन्याला सैल होत चालला. हेमलताबाई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणाऱ्या या बाईला एका माणसाला बोलतं करता येत नव्हतं, याचं त्यांना फार लागायचं. त्यांना एवढंच कळायला हवं होतं की हा माणूस दिवसभर असतो कुठं. ते कळलं असतं तर त्या स्वतः तिथं गेल्या असत्या आणि दंडाला धरून त्याला घरी जेवायला घेऊन आल्या असत्या.

म्हणून इस्पितळातल्या नव्या स्मृतिचित्र विभागाचं नाव कानावर आलं तशी त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिथं जाऊन नाव घातलं. कोल्हापुरात तेव्हा औषधं आकाशातून गच्चीवर उतरायला लागली होती आणि रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाड्या आपल्या आपण गिऱ्हाईक बघून सरकायच्या. चित्रकार मात्र अजून चित्रकारांसारखेच उशिरा यायचे. गार्गी मेस्त्री ठरल्या वेळेनंतर बऱ्याच उशिरानं उगवली, काखेत चटईसारखा गुंडाळलेला पडदा आणि हातात एक जाळीदार टोपी घेऊन. तिशीच्या आतली मुलगी, बोटांना रंग नाही, तरी बोटं सारखी ओढणीला पुसायची सवय.

तिनं पडदा उलगडून नेमका त्या पश्चिमेच्या भिंतीवर चिकटवला. हेमलताबाईंना बरं वाटलं. निदान भिंत तरी झाकली गेली.

"यंत्र एका फटक्यात चित्र काढून देतंय म्हणतात आजकाल," त्या म्हणाल्या. "मग तू कशाला गं?"

"देतंय की, काकू. पण ते सगळं पुरं करून देतंय," गार्गी म्हणाली. "पुरं चित्र बघितलं की डोकं म्हणतंय, बरंय, आणि गप बसतंय. अर्धी रेघ बघितली की उरलेली भरायला उठतंय."

खरं तर यातलं निम्मं विज्ञान जुनंच होतं. ओळखीची वस्तू डोळ्यांपुढं आली की आपल्याला 'अरे, हे तर' असं वाटायच्या आधीच मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. अनोळखी वस्तूला ती उठत नाही, किंवा अगदी मलूल उठते. हे शास्त्रज्ञांना फार दिवसांपासून माहीत होतं. नवं एवढंच झालं होतं की ही लाट आता टोपीतून टिपता येत होती, नजर पडद्यावर नेमकी कुठं टेकली आहे ते कॅमेरा सांगत होता, आणि दोन्हींची सांगड चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली गेली होती. चित्रकार हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर ब्रश फिरवायचा, ते पडद्यावर उमटायचं, आणि रुग्णाच्या डोक्यात जिथं लाट उठेल तिथं चित्राला हळदीसारखी सोनेरी झाक यायची. त्याला ओळखीचा थर म्हणत. सोनेरी झालं ते ठेवायचं, नाही झालं ते बैठक संपायच्या आत पुसायचं. न बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यातलं गाव असं चाचपडत पडद्यावर आणायचं.

पहिल्या बैठकीत गार्गीनं फक्त एक आडवी रेघ काढली. निळसर करड्या पडद्यावर क्षितिजाची रेघ. ती तिनं हळूहळू वर नेली, खाली आणली, जराशी तिरकी केली. सर्जेराव बघत होते की नाही कोण जाणे. मग रेघ उजवीकडं किंचित कलली आणि पापणी लवावी तेवढ्यात तिच्या टोकाला सोनं चढलं.

"घावलं," गार्गी पुटपुटली.

हेमलताबाई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. तीन वर्षांनी नवऱ्यानं काहीतरी सांगितलं होतं, आणि ते एवढंच होतं की जमीन उजवीकडं उतरते.

पुढच्या आठवड्यांत ती भिंत उघडत गेली. गार्गी मऊ ब्रश घेऊन धुकं भरायची, मग त्याची दाटी कमी करत न्यायची, आणि त्या विरळ धुक्यातून एखादा डोंगर आपणहून पुढं यायचा. सोनं चढलं नाही तर तो परत विरघळायचा. कातळाचा काळपट सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार, आला. त्यावर पाण्याचे उथळ तुकडे आणि त्यांत पडलेलं आभाळ. वाऱ्यानं एका अंगाला कललेलं झाड आलं, ते आधी डावीकडं होतं, सर्जेरावांच्या डोक्यानं ते उजवीकडं मागितलं. चित्र भिंतीवर आठवडाभर तसंच राहायचं आणि त्यातला उजेड बाहेरच्या उजेडाबरोबर बदलायचा. दुपारी हेमलताबाई गव्हातले खडे निवडत बसल्या की त्यांना वाटायचं, आपल्या पायाशी दव पडलंय. एकदा तर त्यांनी नकळत पदर डोक्यावरून घेतला, समोरून ढग येताना दिसला म्हणून.

कललेलं झाड आलं त्या दिवशी त्यांना जागा ओळखू आली. गगनबावड्याच्या अंगाला कुठंतरी, लग्नाआधी सर्जेराव पाटबंधारे खात्यात मोजणीच्या कामावर होते तिथली. धरण काही झालं नाही, पण दोन पावसाळे त्यांनी तंबूत काढले होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ते फार सांगायचे. कललेल्या झाडाखाली तंबू, ढग तंबूत येऊन बसतात, म्हणायचे, चहा दिला की जातात. तुला एकदा दाखवतो. मग मुलगी झाली, बदल्या झाल्या, घर झालं, आणि दाखवायचं राहून गेलं. हेमलताबाई ते विसरूनही गेल्या होत्या. आता जीव भांड्यात पडला. माणूस हरवला नव्हता, जुन्या मुक्कामाला गेला होता.

त्या आठवड्यात गार्गीनं सड्यावरून जाणारी पायवाट काढली. वाट वळणापर्यंत सोनेरी झाली. हेमलताबाई चहा ठेवायला आत गेल्या होत्या, आल्या तोवर ती आवराआवर करत होती.

आणि पुढच्या बैठकीला हे झालं. टोपी घातली, चित्र उजळलं, आणि वाटेच्या वळणावर एक ठिपका असा काही पेटला की तसं सोनं त्या चित्रात आजवर कुठंच चढलं नव्हतं. सर्जेरावांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून वर उठला. ओठांचा एक कोपरा वळला. ते हसत होते.

हेमलताबाई पडद्याजवळ गेल्या. आठवडाभर त्या ज्याला लाल मातीचा डाग समजत होत्या, त्या ठिपक्याला पाय होते. लाल साडीतली एक बाई होती, पाठमोरी, वळणापाशी थांबलेली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

गार्गीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हाईत न्हाई, काकू," ती म्हणाली, आणि डोकं दुखतंय असं सांगून बैठक अर्धी टाकून निघून गेली.

झालं. हेमलताबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकली. पोरीला काहीतरी दिसलंय आणि ती आपल्या वयाकडं बघून गप्प बसलीय, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांनी सर्जेरावांच्या त्या वेळच्या जोडीदाराला, भाऊ पन्हाळकरांना, फोन लावला.

"वहिनी, तिथं कुठली बाईमाणूस?" भाऊ हसत सुटले. "जळवा होत्या नुसत्या. आणि गवा."

पण मित्र मित्राबद्दल आणखी काय सांगणार? हेमलताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. साठी उलटलेल्या बाईनं तोंड नसलेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे भांडण सगळं स्वतःच करावं लागतं. त्यांनी ते केलं. "एवढं सांगितलंत ढगांचं, चहाचं. हिचं तेवढं बरं राहिलं सांगायचं!" सर्जेराव भिंतीकडं बघून हसत होते.

आणि जेवत होते, हे सगळ्यात वाईट. समोर बसून, हातात वाटी धरून, तीन वर्षं ज्यांनी मिनतवाऱ्या केल्या त्यांच्यासाठी जे तोंड उघडलं नाही, ते आता लाल साडीकडं बघत भाकरीचा तुकडा, आमटी, वर भात, सगळं घेत होतं. हेमलताबाई भरवत होत्या आणि रडत होत्या. जेवतोय म्हणून रडू येतंय की कुणाच्या जिवावर जेवतोय म्हणून, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

चार दिवसांनी गार्गी बोलावल्याशिवाय आली. सामान आणलं नव्हतं. सोफ्याच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "काकू, ती बाई मी काढली."

"म्हणजे?"

"ती काकांच्या डोक्यात नव्हतीच. माझ्या हातात होती."

गार्गी पंचगंगेच्या घाटावर जलरंगात तयार झालेली. तिच्या सरांची शिकवण अशी की चित्र हिरवंगार झालं की त्यात कुठंतरी एक लाल थेंब सोडायचा, म्हणजे हिरव्याला जीव येतो, आणि त्या थेंबाला पाय काढायचे, म्हणजे डोंगर केवढा ते कळतं. घाटावर शिकलेल्या सगळ्यांचं असंच. त्यांची चित्रं बघावीत तर सगळ्या पायवाटांवर लाल बायका. गार्गीच्या हातानं मेंदूला न विचारता दोन फटकारे मारले होते. आणि दुसरी खोड त्याहून जुनी. सॉफ्टवेअरमध्ये नवी वस्तू पारदर्शक पानासारख्या नव्या लेयरवर काढतात, म्हणजे ती वेगळी तपासता येते, वेगळी पुसता येते. पण कागदावर कुठला लेयर? कागदावर शिकलेल्या हातानं बाई वाटेच्याच लेयरवर काढली. वाट सोनेरी झाली, लेयर ठेवला गेला, आणि वाटेबरोबर बाईही राहिली.

"मग पहिल्यांदा नव्हती तर आता कशी पेटली?" हेमलताबाईंनी विचारलं. अंगातली शिक्षिका कुठं जाते.

मग गार्गीनं विज्ञानाचा उरलेला निम्मा भाग सांगितला. आठवण ही पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. प्रत्येक वेळी काढली की ती मऊ होते आणि आत ठेवताना नव्यानं घट्ट होते. मधल्या वेळात तिच्यावर जे पडेल ते तिच्यातच राहतं. ओल्या सिमेंटवरून मांजर गेलं की पावलं कायमची, तसं. सर्जेरावांनी आठवडाभर तो सडा बघितला, सडा मऊ होता, आणि त्यावरून लाल साडीतली बाई चालत गेली. आता ती त्यांना खरोखर आठवत होती. कदाचित नाव-गावही त्यांनी तिला देऊन टाकलं असेल.

हेमलताबाईंनी वळणावरच्या त्या ठिपक्याकडं बघितलं. मग एकदम हसायला लागल्या. चार दिवस एका ब्रशच्या फटकाऱ्यावर जळत होतो आपण! हसता हसता त्या थांबल्या.

"मग काढून टाक तिला."

"पडद्यावरनं काढतो. पण डोक्याला अनडूचं बटण नसतंय, काकू. परत काकांना बसवून, सगळं मऊ करून, तिच्या जागी दुसरं काहीतरी भरायला लागंल. दोन-तीन बैठका. झाड, दगड, काहीतरी."

"दगड कशाला?" हेमलताबाई म्हणाल्या. "मला काढ."

गार्गी बघतच राहिली.

"बघतीस काय? आमचं लग्न झालं तेव्हा माझी एक पोपटी साडी होती. तीच काढ. तोंड जरा इकडं वळव, म्हणजे ओळखू येईल. तो सडा मला दाखवतो म्हणाले होते. नाही दाखवलं. आता दाखवतील."

"काकू, पण ते खोटं होईल."

"आणि ही काय खरी आहे?"

गार्गीनं पुढच्या बैठकीचा दिवस ठरवला. चूक तिची होती, आणि चूक झालेला माणूस लवकर मान डोलावतो.

बैठकीच्या दिवशी हेमलताबाईंनी स्वतः ठेवणीतली साडी नेसली. पोपटी नव्हती, ती कधीच फाटली होती, पण हिरव्यातलीच. का नेसली ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. आपलं लग्नाआधीचं वय आज आपल्याला मिळणार आहे, असं काहीतरी सकाळपासून वाटत होतं. स्वयंपाक करताना त्या मनातल्या मनात सड्यावर फिरून आल्या, पायांना गार लागलं, कललेल्या झाडाखाली सर्जेराव तिशीच्या आतले, दुर्बिणीतून डोंगर मोजत उभे, आणि त्यांनी मान वळवून बघितलं. इतकं सोपं होतं ते.

टोपी घातली. चित्र उजळलं. धुकं सरकलं, पाण्याच्या तुकड्यांतून आभाळ हललं. सर्जेरावांची नजर सवयीनं वळणावर गेली आणि सोनं चढलं. गार्गीनं पाटीवर हात ठेवला. आधी लाल रंग तिनं थोडा फिका केला. मग त्यात हिरवा मिसळला. बाईचा खांदा वळवला. हेमलताबाईंचा लग्नातला फोटो तिच्यासमोर होता, त्यावरून कपाळ काढलं, अंबाडा काढला.

सोनं उतरत गेलं.

"पहिल्यांदा असंच होणार," गार्गी हळूच म्हणाली. "परत-परत बघितल्यावर घेतील."

पण सर्जेराव त्या हिरव्या बाईकडं बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्यावरून पुढं गेली, वळणाच्या पलीकडं, परत अलीकडं. झाडामागं. पाण्याच्या तुकड्यांत. सड्यावर एक फिकट सोनेरी काजवा भिरभिरावा तशी ती भिरभिरत होती. डावा हात वर आला आणि त्यांनी तो खुर्चीच्या हातावर आपटला. परत आपटला. घशातून आवाज आला, 'ऊं', आणि तो आवाज हेमलताबाईंना लगेच ओळखता आला. जत्रेत बोट सुटलेलं पोर असं ओरडतं. तसलीच किती पोरं त्यांनी सहलीत हाताशी धरून आयांकडं पोचवली होती.

त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. सर्जेरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर थांबत नव्हती. एक माणूस होता, तीन वर्षं त्या ओसाड माळावर एकटा. परवा कुठं त्याला कुणीतरी भेटलं होतं. कुणाच्या का हातून असेना, भेटलं होतं. आणि आता बायको म्हणवणारी आपण जाऊन त्या सोबतीला वाटेवरून हुसकावून लावतोय, स्वतःची जागा करायला. स्वतःचीच सवत होऊन. हेमलताबाईंना स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपेक्षा दया जास्त आली, त्याचीही आणि स्वतःचीही.

"थांब," त्या म्हणाल्या. "पूस मला."

"काकू, अजून दोन बैठका—"

"पूस म्हणतो न्हवं! आणि ती बाई होती तशी परत काढ. लाल. पाठमोरी. लवकर."

गार्गीनं तसं केलं. दोनच फटकारे, एक लाल आणि डोक्याचा एक काळा. भिरभिरणारी नजर वळणापाशी आली, अडली, आणि तिथं टेकली. सोनं असं चढलं की सगळा सडा उजळून निघाला. सर्जेरावांनी एक लांब श्वास सोडला. हात खाली आला.

"आणि तुम्ही?" गार्गीनं विचारलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला कुठंतरी बाजूला काढू? झाडाखाली? हळूहळू घेतील ते."

"मला कशाला काढतीस?" हेमलताबाई पदरानं नवऱ्याचा चेहरा पुसत म्हणाल्या. "मी इथं हाय की."

गार्गीनं टोपी काढली, सामान आवरलं. चित्र भिंतीवर राहू दिलं. ती गेल्यावर हेमलताबाईंनी ताट वाढून आणलं. इतके दिवस त्या नवऱ्याच्या समोर बसत, भिंतीकडं पाठ करून, घास भरवायला तोंडासमोर. आज त्यांनी खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी लावली, भिंतीकडं तोंड करून. दोघं जोडीनं बसले, जसं घाटातल्या कट्ट्यावर बसावं. समोर संध्याकाळ व्हायला लागली होती. धुकं वर येत होतं आणि वळणावर लाल साडी थांबलेली होती.

त्यांनी एक घास दिला. त्यानं घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या. "कोण ओ ही?"

सर्जेरावांनी मान वळवली. भिंतीवरची नजर काढून त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा बायकोकडं नीट बघितलं, जणू असं कुणी विचारील याची ते केव्हाची वाट बघत होते. ओठांचा कोपरा वळला. "ऊं," ते म्हणाले. मग "आ." मग डावा हात उचलून त्यांनी हवेत एक वाट काढली, वळण काढलं, आणि त्या हाताबरोबर घशातून आवाज येत राहिले, एकामागून एक, चढत, उतरत, मध्येच हसत. त्यात शब्द एकही नव्हता. गोष्ट मात्र लांब होती.

हेमलताबाईंनी ताट मांडीवर ठेवलं आणि त्यांच्याकडं सरकून बसल्या.

"अस्सं?" त्या म्हणाल्या. "मग?"